पांढरकवड्याची फिरकी आणि रोजंदारीचे क्रिकेट

फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. विदर्भाचा पहिला डाव ३१२ धावांत संपला, सौराष्ट्राचा ३०७ धावांत. आघाडी मिळाली ती अवघ्या पाच धावांची. पुढे आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत टिकू दिले नाही, आणि विदर्भाने ७८ धावांनी सामना जिंकून करंडक सलग दुसऱ्या वर्षी घरी ठेवला. लोकांच्या लक्षात सरवटे राहिला, आणि ते रास्तच आहे. पण त्या ३१२ मध्ये तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून केलेल्या नाबाद ७३ धावा होत्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारच्या. त्या नसत्या तर पाच धावांच्या आघाडीची बऱ्यापैकी मोठी पिछाडी झाली असती. आठवडाभरातच त्याच मैदानावर इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने १०२ धावा केल्या. विदर्भाने ४२५ पर्यंत मजल मारली, ९५ धावांची आघाडी घेतली, सामना अनिर्णित राहिला आणि त्या आघाडीवरच इराणी करंडकही विदर्भाकडे आला. दहा दिवसांत दोन राष्ट्रीय करंडक, आणि दोन्हींमध्ये एका तालुक्याच्या गावातून आलेल्या, मुळात गोलंदाज म्हणून संघात असलेल्या खेळाडूची फलंदाजी निर्णायक. तरीही त्याचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘भारताकडून खेळला का?’ नाही खेळला. या उत्तराबरोबर संभाषण संपते. आक्षेप आहे तो इथेच. भारतीय क्रिकेटचा गाडा जे ओढतात त्यांतले बहुतेक जण भारताकडून कधीच खेळत नाहीत, आणि त्यांच्या कामाला आपण अजून रीतसर पेशा मानलेले नाही. ते रोजंदारीवर आहेत. त्यांना वर्षाचा करार मिळायला हवा, आणि तो मागण्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

कर्णेवारची गोष्ट थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण ती अपयशाची मुळीच नाही. तो मुळात उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, पण क्षेत्ररक्षणात चेंडू फेकायचा डाव्या हाताने. ते पाहून प्रशिक्षकाने त्याला डाव्या हाताने फिरकी टाकायला सांगितले आणि दोन्ही हात कामाला लागले. नियमाने हात बदलताना पंचाला सांगावे लागते, एवढेच. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षीय संघाकडून त्याने दोन्ही हातांनी गोलंदाजी केली तेव्हा दोन दिवस देशभर त्याची छायाचित्रे झळकली. २०१६ मध्ये आयपीएलमध्ये बंगळुरूने त्याला घेतले होते; सामना मात्र मिळाला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. २४ चेंडू, शून्य धावा. ट्वेन्टी-२० मध्ये असे तोवर कुणी केले नव्हते. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅटट्रिक. यावर लगेच कुणी म्हणेल की मणिपूर म्हणजे नवखा संघ, विदर्भाच्या २२२ समोर ५५ धावांत गारद झालेला. असल्या विक्रमाचे काय कौतुक? म्हणणे खरे आहे. पुढे आठवडाभरात कॅनडाच्या साद बिन झफरने पनामाविरुद्ध आणि २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध अशीच चारही षटके निर्धाव टाकली, म्हणजे समोरचा संघ दुबळा असल्याशिवाय हा विक्रम होतच नाही. म्हणूनच माझा सगळा भार त्या विक्रमावर नाही. भार आहे तो २०१९ च्या त्या दहा दिवसांवर. विक्रमाने खेळाडूचे नाव एक दिवस पसरते. संघाला करंडक मिळतो तो आठव्या क्रमांकावर येऊन डाव सावरणाऱ्याच्या, दिवसभर एक टोक धरून गोलंदाजी करणाऱ्याच्या भरवशावर. अशा माणसाला इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपासून एक शब्द आहे: ‘प्रो’. काउंटीचा प्रोफेशनल. आपल्याकडे तो माणूस आहे, शब्दही आपण उसना वापरतो, पण त्या शब्दामागचा करार आणलेला नाही.

काउंटी क्रिकेटची कथा म्हणजे सुखाची कथा, असे समजण्याचे कारण नाही. तिथे प्रदीर्घ काळ वर्णव्यवस्थाच होती म्हणा ना. हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमन’, पैसे घेऊन खेळणारा म्हणजे ‘प्लेअर’. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, मैदानात उतरण्याचे दार वेगळे, धावफलकावर नाव छापण्याची रीतसुद्धा वेगळी. हौशाच्या आडनावाआधी आद्याक्षरे, व्यावसायिकाच्या आडनावानंतर. १९५० मध्ये लॉर्ड्सवर फ्रेड टिटमसच्या नावाची आद्याक्षरे चुकून पुढे छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली. १९६२ च्या हंगामानंतर हा भेद संपला. हॅरॉल्ड लारवुड नॉटिंगहॅमशरच्या कोळसा खाणीतून आलेला. १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कर्णधाराच्या हुकमावरून त्याने जी गोलंदाजी केली, तिचा दोष त्याच्या माथी आला आणि तो इंग्लंडकडून पुन्हा कधी खेळला नाही. पण, आणि हा ‘पण’ महत्त्वाचा, त्यानंतरही तो १९३८ पर्यंत नॉटिंगहॅमशरकडून खेळत राहिला. देशाने दार लावले तरी पोटाचे दार उघडे होते. शिवाय दीर्घ सेवेनंतर खेळाडूच्या नावाने ‘बेनिफिट’ सामना भरवायचा आणि त्याचे उत्पन्न त्याला द्यायचे, ही प्रथा होती. केंटच्या जेम्स सेमूरच्या या पैशावर आयकर मागितला गेला तेव्हा प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले आणि १९२७ मध्ये निकाल खेळाडूच्या बाजूने लागला. बेनिफिटला पावसाने झोडपले की सगळे पाण्यात, हेही होतेच. म्हणून १९६७ मध्ये समरसेटचा गोलंदाज फ्रेड रम्सी याच्या पुढाकाराने खेळाडूंनी आपली संघटना काढली, आणि किमान वेतन, विमा, निवृत्तीची तरतूद या गोष्टी तिने एकेक करून मिळवल्या. कुणी मेहेरबानी म्हणून दिल्या नाहीत.

या कथेचा यवतमाळशी संबंध नाही असे वाटत असेल तर कापसाचा माग काढावा. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. ते नाव उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे इंग्रज भांडवलावर धावू लागली ती मुख्यतः गाठी वाहून नेण्यासाठी. लँकेशरमधल्या ज्या गावांचा संसार कापसाच्या गिरण्यांवर उभा होता, त्याच गावांनी १८९२ मध्ये लँकेशर लीग सुरू केली आणि प्रत्येक क्लबने एक पगारी ‘प्रो’ ठेवायचा पायंडा पाडला. बाकीचे दहा जण गिरणीतले, दुकानातले, शाळेतले, अकरावा पगारी. त्याने अर्धशतक केले किंवा पाच-सहा बळी घेतले की प्रेक्षकांतून टोपी फिरवून पैसे गोळा होत. वेस्ट इंडिजचा लियरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नऊ हंगाम नेल्सन या गिरणगावाचा प्रो होता. सांगलीचे विजय हजारे १९४९ मध्ये रॉटनस्टॉलचे प्रो होते. आणि विनू मंकडचा १९५२ चा प्रसंग तर या लेखाच्या मुद्द्यासाठीच घडला असावा. त्या वर्षी भारताचा इंग्लंड दौरा होता. मंकडकडे हॅस्लिंग्डेन क्लबचा करार तयार होता. त्याने बोर्डाकडे संघातल्या जागेची हमी मागितली, ती मिळाली नाही, आणि त्याने गिरणगावाचा करार पत्करला. पहिल्या कसोटीत भारताची दाणादाण उडाली तेव्हा बोर्डाला हॅस्लिंग्डेनकडे मंकडला सोडा म्हणून विनवावे लागले. लॉर्ड्सवर तो आला, ७२ आणि १८४ धावा केल्या, मध्ये पाच बळी घेतले. सामना भारताने गमावला, पण इतिहासात तो मंकडचा सामना म्हणूनच ओळखला जातो. देशातल्या सर्वांत बलाढ्य क्रिकेट संस्थेला जी हमी देता येत नव्हती ती एका लहानशा गिरणगावाच्या क्लबला देता येत होती. ज्या गावांनी आपला कापूस घेतला त्यांची ही एक रीत तरी आपण घ्यायला हरकत नव्हती.

खरे तर ती रीत आपण घेतली आहे, पण अर्धीच, आणि ती पाहुण्यांपुरती. विदर्भाचा संघ रणजीत उतरला तो १९५७-५८ मध्ये. पहिला करंडक मिळाला २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून. सहा दशके लागली. त्या यशात प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा वाटा होता, तसा बाहेरून करारावर आणलेल्या खेळाडूंचाही. मुंबईचा वसीम जाफर, कर्नाटकचा गणेश सतीश, आणि पुढे करुण नायर. नायरचे उदाहरण बोलके आहे. कसोटीत त्रिशतक करून संघाबाहेर गेलेला हा फलंदाज २०२३ च्या हंगामाच्या शेवटी नॉर्दम्प्टनशरकडून काउंटीत खेळला, पुढच्या वर्षी तिथेच द्विशतक केले, विदर्भाकडून २०२४-२५ चा रणजी करंडक जिंकताना केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा केल्या आणि २०२५ मध्ये इंग्लंडमध्येच भारताच्या कसोटी संघात परतला. मधल्या फळीतल्या दोन संस्थांनी, एक काउंटी आणि एक राज्य संघटना, करार करून त्याला उभे ठेवले म्हणून तो परत येऊ शकला. उलट दिशेचीही ये-जा आहे. २०१९ चा नायक आदित्य सरवटे २०२४-२५ मध्ये केरळकडे गेला आणि अंतिम सामन्यात, आपल्याच जुन्या मैदानावर, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ७९ धावा करून गेला. श्रीकांत वाघ या विदर्भाच्या वेगवान गोलंदाजाने इंग्लंडच्या एका लीग सामन्यात स्टोक्सलीकडून ३९ धावांत दहाही बळी घेतले. फैज फझल २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये लीग क्रिकेट खेळत असतानाच त्याला झिम्बाब्वे दौऱ्याचे बोलावणे आले. हरारेत त्याने नाबाद ५५ धावा केल्या आणि तो त्याचा भारताकडून पहिला आणि शेवटचा सामना ठरला. विदर्भासाठी मात्र तो २००३ पासून २०२४ पर्यंत खेळला आणि प्रथम श्रेणीत नऊ हजारांवर धावा करून निवृत्त झाला. ‘एका सामन्याचा खेळाडू’ म्हणायचे त्याला, की दोन दशकांचा? उत्तर आपण कुठल्या पट्टीने मोजतो यावर आहे. उमेश यादव भारताकडून पन्नासहून अधिक कसोट्या खेळला, नंतर मिडलसेक्स आणि इसेक्सकडूनही; तो वळणीच्या कोळसा वस्तीतून आला हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्यासारखा एक वर जातो तेव्हा खालच्या पायऱ्यांवर किती जण उभे असतात आणि त्यांच्या पायाखाली काय असते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तो हिशेब अवघड नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देशांतर्गत मानधन वाढवले. रणजीत अंतिम अकरात असलेल्याला, वीस सामन्यांपर्यंतचा अनुभव असेल तर दिवसाला ४० हजार, एकवीस ते चाळीस सामने असतील तर ५० हजार, त्याहून अधिक असतील तर ६० हजार. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. साखळीतले सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे अठ्ठावीस दिवस. नवख्या पण कायम अकरात असलेल्या खेळाडूचे ११ लाख २० हजार झाले. राखीवाचे ५ लाख ६० हजार. संघाबाहेर गेलेल्याचे शून्य. रक्कम लहान नाही हे आधीच कबूल करतो. पण तिचे स्वरूप पाहा. ती दिवसावर मोजलेली आहे, निवडीवर टांगलेली आहे आणि पुढच्या हंगामाबद्दल एक शब्दही बोलत नाही. एक डावखुरा फिरकीपटू चांगला चालला की दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूचे वर्षभराचे उत्पन्न जाते. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने एका रणजी हंगामातला ६९ बळींचा विक्रम केला, त्याचे अभिनंदन करतानाच हेही लक्षात घ्यावे की त्या एका जागेसाठी रांगेत असलेल्या प्रत्येकाला त्या यशाची किंमत रोख मोजावी लागते. स्नायू दुखावला, बोट मोडले तरी तेच. आणि २०२०-२१ मध्ये तर १९३४ पासून पहिल्यांदाच रणजी झालीच नाही. रोजंदारीचा दिवसच उगवला नाही. भरपाई म्हणून मागच्या हंगामाच्या मानधनाच्या निम्मी रक्कम देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये झाला, म्हणजे तो हंगाम सरून कित्येक महिने गेल्यावर. मंडळाचे वार्षिक करार आहेत, पण काही मोजके अपवाद सोडले तर ते भारताकडून खेळणाऱ्यांसाठी. राज्य संघटना आपापल्या मर्जीने कुणाला काही देतात. हक्क म्हणून सर्वत्र लागू असा करार नाही.

इथे यवतमाळच्या वाचकाच्या मनात जो आक्षेप येईल तो सर्वांत वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले, जिथे बोंडअळीने अख्खे पीक नेले तर विचारायला कुणी नसते, तिथे महिनाभरात दहा लाख कमावणाऱ्यासाठी हमी मागायची? लाज कशी वाटत नाही? हा प्रश्न रागाने विचारला तरी चुकीचा नाही. पण त्यातच उत्तरही आहे. एका हंगामावर वर्ष टांगलेले असणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याइतके कुणाला कळते? पेरणी आपली, खर्च आपला, भाव दुसऱ्याने ठरवायचा, आणि पाऊस चुकला तर दोष नशिबाचा. म्हणून तर हमीभावाची मागणी झाली. हमीभाव म्हणजे दान नव्हे. जोखीम एकट्या उत्पादकाच्या डोक्यावर न ठेवता व्यवस्थेने तिचा काही भाग उचलावा, हे त्यामागचे तत्त्व. ते तत्त्व कापसाला बरोबर आणि माणसाच्या गुडघ्याला चूक, असे होत नाही. शिवाय खेळाडूच्या करारासाठी सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्यातून, एक पैसाही मागितलेला नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रसारण हक्कांचे मंडळाला ४८,३९० कोटी रुपये मिळाले, वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. रणजीत ३८ संघ आहेत. प्रत्येकी तीस खेळाडूंना सरासरी १५ लाखांचा वार्षिक करार दिला तरी ११४० खेळाडूंचे मिळून १७१ कोटी होतात. वर्षाच्या रकमेच्या दोन टक्केही नाहीत. प्रसारण हक्कांतला मोठा वाटा संघमालकांना जातो, हे धरून निम्मी रक्कम वगळली तरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

दुसरा आक्षेप याच जिल्ह्याच्या आठवणीतून येऊ शकतो. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. हमी मिळाली, पण योजना शेवटी तोट्यात रुतली. हमी दिली की माल सुधारत नाही, बोजा तेवढा वाढतो, हा त्यातून अनेकांनी घेतलेला धडा. इंग्लंडमध्येही दर मोठ्या पराभवानंतर हेच म्हटले जाते: अठरा काउंट्या म्हणजे मध्यम दर्जाच्या खेळाडूंची आरामशीर धर्मशाळा, करार मिळाला की भूक संपते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणून करार आयुष्यभराचा असू नये. दोन वर्षांचा असावा, कामगिरीनुसार श्रेणी असावी, नूतनीकरण निवड समितीच्या लहरीवर न ठेवता आधी जाहीर केलेल्या निकषांवर व्हावे. पण हमीने माणूस सुस्तावतो हे विधान सर्रास खरे नाही, आणि त्याचा पुरावा बाहेर शोधायला नको. वसीम जाफर २०१६-१७ मध्ये दुखापतीमुळे विदर्भासाठी खेळू शकला नाही, पण कराराचे पैसे त्याला मिळाले होते. पुढच्या हंगामात त्याने मोबदला न घेता खेळायचे ठरवले. तोच विदर्भाच्या पहिल्या करंडकाचा हंगाम, आणि अंतिम सामन्यात विजयी धावा जाफरच्याच बॅटमधून आल्या. पुढच्या वर्षी, चाळिशीत, त्याने रणजीत १०३७ धावा केल्या. करार ही दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट असते. ती पाळली जाते तेव्हा काय होते ते विदर्भाने पाहिले आहे. प्रश्न एवढाच की बाहेरून आलेल्या चाळीस वर्षांच्या फलंदाजावर जो विश्वास टाकला गेला, तो पांढरकवड्याच्या, अकोल्याच्या, वर्ध्याच्या पंचविशीतल्या मुलावर का टाकू नये?

तिसरा आक्षेप जुन्या पिढीचा: खेळाडूला नोकरी द्या, करार कशाला? मुंबईत निरलॉन, मफतलाल, टाटा, स्टेट बँक यांनी, नागपुरात सरकारी कार्यालयांनी आणि रेल्वेने कित्येक खेळाडूंचे संसार उभे केले हे खरेच आहे. सकाळी सराव, दुपारी मस्टरवर सही, निवृत्तीनंतर पेन्शन. इंग्लिश प्रो हिवाळ्यात जे काम शोधत हिंडायचा ते इथे घरबसल्या मिळे. त्या व्यवस्थेने भारतीय क्रिकेट कित्येक दशके पोसले. पण गिरण्या गेल्या, खासगी कंपन्यांचे संघ आटले, आणि क्रीडा कोट्यातली नोकरी आता बहुधा त्यालाच मिळते ज्याला तिची सर्वांत कमी गरज आहे. उमेश यादवला रिझर्व्ह बँकेने नागपुरात अधिकारी म्हणून घेतले ते २०१७ मध्ये, तो भारताचा प्रस्थापित गोलंदाज झाल्यावर. त्यात त्याची चूक नाही. पण नोकरी ही शेवटी दुसऱ्याच कुणाच्या धंद्याची मेहेरबानी. क्रिकेटचा स्वतःचा धंदा हजारो कोटींचा झाला असताना खेळाडूचे पोट बँकेने का भरावे? आणि ‘आयपीएल आहे ना’ हे उत्तर तर सर्वांत पोकळ. आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त पंचवीस जण, त्यांत परदेशीही आले. घेतल्यावर मैदानात उतरवतीलच असेही नाही, हे कर्णेवारच्या २०१६ वरून दिसतेच. शिवाय चार दिवस एक टोक धरून टाकायच्या फिरकीला तिथे गिऱ्हाईक नाही. बाजार जे विकत घेत नाही पण खेळाला ज्याची गरज आहे, त्याची सोय संस्थेनेच करायची असते.

मग हे का होत नाही? पैसा हे कारण नसेल, तर उरते ते एकच: मागणारा कुणी नाही. इंग्लंडमध्ये रम्सीची संघटना सध्या खेळत असलेल्यांची आहे. आपल्याकडे लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण ती फक्त निवृत्तांची. जो खेळतो आहे त्याला सदस्य होता येत नाही. जो सदस्य आहे त्याला मानधनाचा प्रश्न उरलेला नाही. भारताकडून खेळणाऱ्या बड्यांना संघटनेची निकड नाही, आणि रणजीतला खेळाडू एकटा बोलला तर उद्या अकरात असेल की नाही याची त्याला धास्ती. मुकादमापुढे रोजंदारीवरचा मजूर जसा बोलत नाही, तसाच हा. मराठी मुलखातल्या क्रिकेट-उपजीविकेची सुरुवातही अशीच मुकी आहे. पालवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायला आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायला महिन्याला काही रुपयांवर होते; १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण ज्या जातीत जन्मले तिच्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांच्या गोलंदाजीची किंमत साऱ्यांना कळत होती. फक्त ती ठरवताना त्यांना कुणी विचारत नव्हते.

विदर्भ क्रिकेट संघटनेने मंडळाची वाट पाहायची गरज नाही. पाहुण्या खेळाडूशी करार करण्याचा अनुभव तिच्याकडे आहे. तोच कागद घरच्या तीस जणांपुढे ठेवायचा. त्यात दुखापतीच्या काळातले मानधन असावे, वैद्यकीय विमा असावा, जिल्ह्याच्या गावांत हंगामाबाहेरचे काही महिने प्रशिक्षणाचे पगारी काम असावे, म्हणजे पांढरकवड्याहून नागपूरला गेलेला खेळाडू वर्षातून काही आठवडे पुसदच्या, वणीच्या, उमरखेडच्या मुलांपुढे उभा राहील आणि त्याचे त्याला पैसेही मिळतील. इंग्लिश काउंट्यांनी आपल्या जुन्या प्रोंना शाळाशाळांतून प्रशिक्षक म्हणून पाठवले ते याच हिशेबाने. कुणाच्या फेकणाऱ्या हाताकडे पाहून ‘याच हाताने टाकून बघ’ म्हणणारा माणूस गावात असावा लागतो, आणि तो फुकट मिळत नाही. शंका घेणाऱ्यांसाठी आकडे पुन्हा मणिपूरच्या सामन्याचे. जगात तोवर कुणीच न टाकलेली ती चार षटके ज्या स्पर्धेत टाकली गेली, तिथे एका सामन्याचे ठरलेले मानधन होते १७,५०० रुपये. राखीव म्हणून बाहेर बसलेल्याला ८,७५०.